लेकीच्या मांडवाबाहेरची आक्का

"आमच्या ध्यानाच्या गोळ्या दे रं दादा!" आक्का दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायची. ध्यान म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कसबा बावड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात लोक डोक्याच्या गोळ्या हळू आवाजात मागतात, तुम्हीही पाहिलं असेल. आक्का पट्ट्या हातात मिरवत न्यायची. "साखरेच्या गोळ्या नेत्यात की लोक. मग ह्येचीच कसली लाज?"

भाऊ कॉलेजात असतानाच बिघडला. बोलणं सोडलं, अंघोळ सोडली, भिंतीकडे तोंड करून बसायचा. स्किझोफ्रेनिया हा शब्द आक्काला कधी नीट म्हणता आला नाही, पण माहेर दोन गल्ल्या पलीकडे, रोज जाऊन तो गोळी गिळेपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहायची. तो सावरला, दूध डेअरीत कामाला लागला. मुलीकडच्यांना सगळं आधी सांगून तिनं त्याचं लग्नही लावलं. बायको टिकली.

पंचेचाळिशीत आक्कालाच आवाज ऐकू यायला लागले. पण ती भावासारखी गप्प बसली नाही, उलट दोनदा अंघोळ करायची, भाकऱ्या थापता थापता कुणाला तरी उत्तरं द्यायची, मध्येच हमसून रडायची. सासरच्यांनी ठरवलं, अंगात देवी आली. शुक्रवारी बायका ओटी घेऊन येऊ लागल्या. नवरा दारात बसून नारळ घ्यायचा. माझं डोकंच फिरायचं ते बघून.

"आक्का, भावाच्या डॉक्टरांना दाखवूया," मी म्हणालो.

"खुळा का काय तू? त्यो आजार तरण्या पोरांस्नी हुतो. मी लेकीला स्थळं बघणारी बाई."

डॉक्टर नंतर म्हणाले, बायकांना हा आजार पुष्कळदा उशिरा गाठतो, घरकाम चालू असतं म्हणून कुणाला कळत नाही. कळलं ते भावालाच. एक दिवस तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "आक्का, तुला बी बोलत्यात व्हय गं ती? मलाबी असंच बोलायची." त्यानंच तिला दवाखान्यात नेलं.

गोळ्या लागू पडल्या. देवी गेली, बायका यायच्या बंद झाल्या. मग नवऱ्यानं तिला चार दिवस म्हणून माहेरी धाडलं आणि न्यायला आलाच नाही.

वर्षभरात लेकीचं लग्न ठरलं. आक्का तोवर अगदी बरी झाली होती. पण सासरच्यांनी नवऱ्यामुलाकडच्यांना सांगून टाकलं होतं, पोरीची आई वारली. भाऊ भांडायला निघाला तर तिनंच त्याला अडवलं. "मेली म्हणू देत. पोरीचं मोडलं तर मी कुठं जाऊ? तू मामा हाईस, तू जा. आन् गप उभा ऱ्हा."

मामाशिवाय नवरी बोहल्यावर जात नाही. म्हणून त्याला मानानं बोलावलं, फेटा बांधला. तोच आजार, त्याच गोळ्या. मंगलाष्टकं चालू असताना तो भाचीच्या मागे खाली मान घालून उभा होता. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या.

लग्नानंतर मी त्याला गाडीवरून घरी सोडलं. आक्का हिरवी साडी नेसून, केसात गजरा माळून दारात बसली होती. आम्हाला बघून उठली.

"माझी आठवण काढली का रं पोरीनं?"

"व्हय की," भाऊ म्हणाला. "सारखी काढत हुती."

मी सकाळपासून तिथंच होतो. पोरीनं एकदाही आईचं नाव घेतलं नव्हतं.