दहाव्याच्या नावाखाली

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हेच बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे हे बोलायची हिंमत मला आजवर झाली नाही — ना बहिणीपुढे, ना मुलापुढे, ना जिला सांगायलाच हवं होतं तिच्यापुढे. श्रीरामपुरात मी एकटा राहतो. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडायची नोकरी केली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळूरला असतो. दिवसभरात बोलायला माणूस भेटला तर भेटला. तेव्हा बसा जरा. नमनालाच घडाभर तेल जातंय, कळतंय मला — पण पुढचं काही केल्या ओठांवर येत नाही.

घोड्यांपासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

एकनाथ माझा मित्र. त्याच कारखान्यात फिटर होता, आणि आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायचा. पेन्शनच्या कामाला एकदा दोघं पुण्याला गेलो. काम लवकर उरकलं आणि गर्दी कुठे चालली आहे बघू म्हणून तिच्या मागे मागे रेसकोर्सवर पोचलो. झालं! तेव्हापासून पावसाळ्यात पुण्याच्या रेस सुरू झाल्या की आमचे पाय शिवशिवायला लागायचे. पहाटेच्या एसटीने जायचं आणि मिळेल त्या गाडीने परतायचं. खेळायचो तरी काय, खिडकीवरचं सगळ्यात लहान तिकीट. पण ते तिकीट कशावर काढायचं, यावर आमचं जे भांडण व्हायचं त्याला तोड नव्हती.

मी पुस्तकी माणूस. मागच्या रेसमध्ये घोडा कितवा आला, पाठीवर वजन किती, जॉकी कोण — हे सगळं रेसच्या पुस्तकात चष्मा लावून वाचायचो. एकनाथ पुस्तकाला हात लावत नसे. रेसच्या आधी घोडे जिथे गोल फिरवतात त्या कठड्याला टेकून उभा राहायचा आणि नुसता बघायचा. त्याचं शास्त्र एवढंच — फिरता फिरता ज्याने लीद टाकली, तो घोडा घ्यायचा. लीद टाकली की घोड्याचं मन मोकळं होतं, असं तो म्हणायचा. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. हरायचो दोघंही, पण तो माझ्यापेक्षा कमी हरायचा.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न त्याचा होता. मला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. सुमनवहिनींच्या लेखी रेस म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे घराचं वाटोळं. मग आम्ही एक युक्ती काढली. तुम्हाला आमच्या भागातली रीत ठाऊक असेल — लांबच्या लांबच्या पाहुण्याचा दहावा असला तरी माणूस जातो. चार तास गाडीत बसून जातो, घाटावर भाषणं ऐकतो, पिंडाला कावळा शिवला की परततो. मेलेल्याच्या कामाला जाणाऱ्याला कोण अडवणार? तेव्हा रेसच्या दिवशी आम्ही दहाव्याला जायचो. आणि एकनाथ खोटं बोलताना चटकन हसायचा, म्हणून वहिनींच्या दारात उभं राहून सांगायचं काम माझं असे. बहुतेक मयत आम्ही अकोले तालुक्यात पाडले, कारण तिकडे वहिनींचं कोणी नव्हतं. एकदा त्या म्हणाल्याही, अकोल्याकडं काही साथबिथ आलीय का? आम्ही कोपऱ्यावर जाऊन पोट धरधरून हसलो.

एक दुर्बीण होती आमची, जुन्या बाजारात घेतलेली. ती माझ्याकडे असायची, वहिनींच्या नजरेला पडू नये म्हणून. लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग एकनाथला साखरेने धरलं. आधी पाय, मग मूत्रपिंडं. दवाखान्यात त्याच्याजवळ मी बसायचो. एका दुपारी वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या, तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "माझ्या दहाव्याला मातर खरंच ये. माझं नाव सांगून तिकडं जाऊ नको. तू न्हाई आलास तर कावळा शिवायचा न्हाई, सांगून ठिवतो."

आम्ही दोघंही हसलो. त्याला हसताना ठसका लागला, मी पाणी दिलं. येईन की रे, म्हणालो. यात काय अवघड होतं?

दोन-चार दिवसांनी घरी सोडलं आणि घरीच गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने वहिनींकडे साखरेचा चहा मागितला होता. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, म्हणून वहिनी म्हणाल्या, उद्या देते. उजाडायच्या आत तो गेलेला होता. हा चहाही लक्षात ठेवा.

दहावा पुणतांब्याला, गोदावरीच्या काठावर. रविवार होता. गल्लीतून दोन जीप निघाल्या. वहिनींनी मला जागा धरून ठेवली होती. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांना बसू द्या, मी एसटीने मागून येतो. मग स्टँडवर आलो. पुणतांब्याकडे जाणारी गाडी लागायची होती आणि पुण्याची गाडी लागलेली होती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पाय आपोआप वळले. मित्र गेल्याचं दुःख होतं, घाटावर त्याचा पिंड बघवला नसता, म्हणून माणूस भलतीकडे गेला — असं होतं की नाही कधी कधी? ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत दुर्बीण होती. दहाव्याला कोणी दुर्बीण घेऊन जातं का? ती आदल्या दिवशी मी माझ्या हाताने पुसून ठेवली होती.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. मी टपरीवर कप हातात घेतला आणि फोन वाजला. एकनाथच्या मुलाचा, संदीपचा. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला कळलं — अगदी नीट कळलं — की घाटावर कावळा शिवत नाहीये आणि कोणीतरी माझी आठवण काढली आहे. नगरहून मागे फिरता आलं असतं. तेही सोडा, नुसता फोन उचलून "एकनाथ, चुकलो रे" एवढं म्हटलं असतं तरी संदीपने तो फोन पिंडाजवळ धरला असता. आमच्याकडे तेही करतात. मी फोन बंद केला, उरलेला चहा प्यालो आणि गाडीत जाऊन बसलो.

आता कबुली. नाही, तिच्याआधी आणखी एक आहे.

त्या दिवशी मला मजा आली. हे तोंडातून निघायला किती वर्षं लागली, तुम्हाला काय सांगू! दुःख नव्हतं. पाऊस नुकताच उघडला होता, हिरवळ धुतल्यासारखी दिसत होती. मी पुस्तक घेतलंच नाही. एकनाथच्या जागेवर, त्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि बघत बसलो. एका तांबड्या घोडीने माझ्यासमोर शेपटी उचलली आणि लीद टाकली. तिला कोणी विचारत नव्हतं. मी सरळ खिडकीवर जाऊन तिचं तिकीट काढलं. शेवटच्या वळणावर ती बाहेरच्या अंगाने सुटली आणि दुर्बिणीतून मला नुसते तिचे कान दिसले — मागे पडलेले, चपटे. ओरडलो मी. आयुष्यात मी कधी ओरडलो नव्हतो, बायकोवरसुद्धा नाही. ती पहिली आली. पुढच्या रेसला पुन्हा तसंच केलं आणि पुन्हा जिंकलो. भेळ खाल्ली, अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या, एका म्हाताऱ्याला लिदीचं शास्त्र समजावून सांगितलं. ते माझं म्हणून सांगितलं. एकनाथचं नाव घेतलं नाही.

फक्त एकदा, घोडी जिंकली तेव्हा, मी उजवीकडे वळून "बघितलंस का" म्हणालो. उजवीकडे कोणी नव्हतं. तेवढं एक सोडलं तर इतका सुखाचा दिवस मला बायको गेल्यापासून मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेलो. पोटात कळ आली, अर्ध्या वाटेवरून परतलो, फोन उशाखाली राहिला — असं सांगितलं. त्या दारात उभं राहून इतकी वर्षं खोटं बोलत आलो होतो, जीभ जराही अडखळली नाही. वहिनींचे डोळे सुजलेले होते. तरी त्या उठल्या आणि माझ्या पोटाला बरं म्हणून मऊ भात आणि ताक घेऊन आल्या. मी ते खाल्लं.

मग त्यांनी घाटावरचं सांगितलं. कावळे झाडावर होते, पिंडापर्यंत येत होते आणि मागे फिरत होते. संदीपने शब्द दिला की आईला सांभाळीन. भावाने दिला, लेकीने दिला. कोणीतरी म्हणालं, मित्रात जीव अडकला असेल, त्यांना फोन लावा. तो लागला नाही. शेवटी वहिनींनी टपरीवरून साखरेचा चहा आणवला आणि पिंडाजवळ ठेवून हात जोडले. चहा गार झाला. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले.

एवढं सांगून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमाला काय बोलले हुते का वो? कशात जीव राह्यला आसंल त्यांचा?"

मी काय म्हणालो असेन? मला काही बोलला नाही, म्हणालो.

"मंग चहाच," वहिनी म्हणाल्या. "एक कप चहा मागितला हुता. म्या दिला न्हाई."

आणि मी मान हलवली.

ही माझी कबुली आहे. रेस नाही, फोन नाही, पोटातली कळही नाही. ती मान. त्यांनी दोष आपल्या हाताने उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मी, बरोबर आहे, असं म्हटलं — कारण तो तिथे बसला की माझ्याकडे कोणी बघणार नव्हतं. बाई समोर बसलेली, नवरा जाऊन अकरा दिवस झालेले आणि मला मनातून हायसं वाटलं.

कावळ्यावर माझा विश्वास आहे का? नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणणारा माणूस मी. पण वहिनींचा आहे. त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. दिवसाला पाच-सहा वेळा चहा पिणारी बाई होती ती. संदीपची नोकरी चाकणला, सून-नातू तिकडेच, त्या इथे एकट्या. संध्याकाळी मी जाऊन बसतो. दोघांनाही दुसरं कोण आहे? त्या माझ्यासाठी चहा करतात, कप माझ्या हातात देतात आणि आपण रिकाम्या हाताने समोर बसतात. दोन घरांचं अंतर चालताना मी रोज ठरवतो, की आज सांगायचं. मग चहा येतो.

पुण्याला मी पुन्हा गेलो नाही. यात काही मोठेपणा नाही. एकट्याने जाऊन पाहिलं होतं ना, पुरलं.

परवा पितृपक्षातली एकनाथची तिथी होती. वहिनींनी मला गच्चीवर बोलावलं. पानावर वडे, खीर, भाजी, सगळं होतं आणि पानाशेजारी कपभर चहा. दरवर्षी असतो. कावळा आला, वडा उचलला, खिरीत चोच घातली. चहाच्या कपाकडे त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला. कावळा चहा कशाला पिईल? पण वहिनी तिथेच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"आजून राग हाय त्यांचा," त्या म्हणाल्या.

गच्चीवर आम्ही दोघंच होतो. खाली गल्लीत कोणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती आणि मला ते कळत होतं.

"गरम असेल वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. खाली आल्यावर त्यांनी माझ्यासाठी निराळा चहा टाकला, साखर जास्त घालून, एकनाथला आवडायचा तसा. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. मी तो प्यालो.