दक्षिणेची खिडकी

साहेबांना आपण साहेबच म्हणू. त्यांच्या गावी सगळे म्हणायचे. इथे कुणी म्हणत नाही, म्हणून निदान आपण तरी. गावी त्यांनी वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काढली. दोन शाळा, एक वाचनालय आणि बंगले तर विचारू नका. या देशात आल्यावर कळलं की पदवी बाहेरची, अनुभवही बाहेरचा. बोर्डासमोर मुलाखत देऊन इथला परवाना मिळवेपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचीसुद्धा सोय नाही. परवाना मिळाला की बायकोला आणि लेकीला बोलवायचं, असं ठरलं होतं. तोवर एका ऑफिसात ड्राफ्ट्समनची नोकरी. काम काय, तर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या संडासांना फरशा बसवायच्या, तेही कागदावर.

खोली मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेने निवडली. उन्हाळा सरत आला होता. ऑफिस सुटल्यावर, दिवेलागणीला पाहायला गेले. मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, खिडकीत धरलं आणि खूश झाले. वर्षाचा करार तिथल्या तिथे करून टाकला आणि बायकोला फोन लावला.

"अगं, खिडकी बरोबर दक्षिणेला आहे. थंडीत खोली उन्हाने नुसती भरून जाईल बघ."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. साहेबांना वाटलं, फोन कटला.

"छान झालं हो," ती म्हणाली.

महिन्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे तिघं जण, मधे चष्मेवाल्या बाई. थंड गावातला छोटा दवाखाना काढून दाखवा, म्हणाल्या. साहेबांचा हात असा चालला, की विचारायची सोय नाही. रुग्णांची बसायची जागा दक्षिणेला, तिथे मोठ्या काचा. उत्तरेला भांडारखोली आणि जाड भिंत.

"रुग्णांना ऊन कुठून मिळणार?" बाईंनी विचारलं.

"दक्षिणेकडून मॅडम. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो."

"तुमच्याकडे. आमच्याकडे तो उत्तरेला कलतो."

साहेबांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. विषुववृत्ताच्या खालच्या देशात सूर्य उलटीकडे कलतो, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! विमानात बसायच्या आधी त्यांनी ते पुस्तकात वाचलंही होतं. पण डोक्याने वाचलं होतं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं. हात वीस वर्षांच्या सवयीने चालला आणि त्यांना नापास करून मोकळा झाला.

त्या संध्याकाळी ते खोलीवर आले, पलंगावर बसले आणि खिडकीकडे पाहिलं. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. खोलीत पडणार नव्हता तो.

बायकोला सांगितलं, कागदपत्रं कमी पडली. त्या खिडकीवरून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

हिवाळा आला. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर दुपारभर पिवळंधमक ऊन असायचं आणि साहेब स्वेटर घालून ते पाहत बसायचे. टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नसे. कोपऱ्यात बुरशी धरली. ऑफिसात जो तो कानात काहीतरी खुपसून बसलेला. दिवसभरात साहेबांच्या तोंडून "गुड मॉर्निंग" आणि "प्रिंट काढू का" यापलीकडे काही निघालं तर शपथ. सुट्टीच्या दिवशी तेवढंही नाही. एका रविवारी किटलीला "झालं का गं?" असं विचारलं आणि मग स्वतःच दचकले. माणूस एवढा एकटा पडू नये.

बायकोने पार्सलने दोन जाड स्वेटर पाठवले.

"उन्हाच्या खोलीत दोन-दोन कशाला?" साहेब फोनवर हसले.

"असू द्यात हो," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. पुन्हा त्याच बाई. या खेपेला साहेबांनी आराखड्याला हात घालण्याआधी कागदावर उत्तरेची खूण केली आणि तिच्याशेजारी सूर्य काढला, लहान मुलं काढतात तसा.

"पाठ करून आलात?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. अख्खा हिवाळा दक्षिणेच्या खोलीत काढलाय." आणि मग बुरशी, टॉवेल, समोरची भिंत, सगळं सांगून टाकलं. वर्षभरात ते कुणाशी एवढं बोलले नव्हते.

परवाना मिळाला. साहेबांनी जिन्यातूनच फोन लावला. ती आधी रडली, मग लेकीला हाक मारली, मग म्हणाली, "आता आधी ती खोली सोडा."

"का गं? चांगली उन्हाची..."

"अहो, मी शाळेत भूगोल शिकवते."

साहेब पायरीवर बसले.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"किती खुशीत होतात तुम्ही. तिकडे गेल्यापासून पहिल्यांदा तुमचा आवाज पूर्वीसारखा आला होता. मला नाही मोडवलं. म्हटलं, थंडी पडली की कळेलच, एका खोलीने असं काय बिघडणार आहे?"

त्या संध्याकाळी तिने एक शब्द टाकला असता, तर हात मुलाखतीआधीच शहाणा झाला असता. वर्षभरापूर्वीच तिघं एकत्र असते. साहेबांच्या मनात हे सगळं एका क्षणात येऊन गेलं.

"पहिल्या वेळचे ते कागद काय झाले हो शेवटी?" तिने विचारलं. "सापडले का?"

"सापडले," साहेब म्हणाले. "इथेच होते."