केशवरावांच्या मोटारीला जीपचं इंजिन

हैदराबादेत आबिड्सच्या टपाल कचेरीमागच्या गल्लीत अप्पारावांचा मोटारींचा कारखाना होता. तिथं काम करणाऱ्या पाच-सहा जणांत दौलतचा हात सगळ्यात शांत. पाना त्याच्या हातून घसरत नसे, नटाची कड मोडत नसे. इंजिन सुरू झालं की तो त्यावर तळहात टेकून डोळे मिटून उभा राहायचा. कुणी थट्टा केली तर म्हणायचा, "नाडी बघतोय."

एवढं असूनही दौलत मिस्त्री नव्हता. मिस्त्रीनं इंजिन उघडायचं, दौलतनं ते रॉकेलनं धुवायचं. मिस्त्रीनं सांगायचं, दौलतनं आवळायचं, अशी रीत पडून गेली होती. त्या उन्हाळ्यात म्हातारा मिस्त्री काम सोडून आपल्या मुलाकडे गुंटूरला निघून गेला आणि जागा रिकामी झाली. दौलतला ती जागा हवी होती. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेच. पण बायको मनकर्णा सोडली तर त्यानं ते कुणाजवळ काढलं नव्हतं. अप्पारावांजवळ तर नाहीच. मागून मिळवायची गोष्ट नव्हे ही, असं त्याला वाटायचं. शिवाय मागायला तोंड उघडायचं म्हणजे त्याच्या अंगाला घाम फुटायचा.

ते साल छप्पन्नचं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन ते तीन दिशांना जोडले जाणार होते. कचेऱ्यांतून याद्या लागल्या होत्या. मराठी नोकरदारांना मुंबई राज्यात हजर व्हायचे हुकूम निघत होते. विद्यानगरला राहणारे केशवराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांचं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. एक नोव्हेंबरला तिथं हजर व्हायचं होतं.

केशवराव हिंगोलीकडच्या शेतकरी घरातले. उंचेपुरे, मोठ्यानं बोलणारे, मनाचे मोकळे. त्यांची एकच हौस होती, मोटार. एका जहागीरदाराचं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी वीस वर्षांची जुनी तपकिरी मोटार उचलली होती. आता तिच्या इंजिनाला उभी चीर गेली होती. पाणी तेलात, तेल पाण्यात. सुटा भाग मिळायची सोय नव्हती, कारण तसल्या मोटारी येणंच बंद झालेलं. घरातून पत्नी भामाबाई म्हणाल्या, टाका विकून आणि आगगाडीनं चला. केशवराव तीन दिवस मोटारीभोवती घुटमळत राहिले. मग ते कारखान्यात आले.

अप्पारावांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि हात झटकले. त्यांच्या मते मोटार भंगारात घालायच्या लायकीची होती. केशवराव तोंड पाडून निघाले, तेव्हा मागून दौलतचा आवाज आला. तो जमिनीकडे बघत बोलला, पण बोलला. लष्कराच्या मोडीत निघालेल्या जीपचं एक चांगलं इंजिन कोपऱ्यात पडून आहे. ते हिला बसवता येईल.

अप्पाराव हसले. जीपचं इंजिन कुठं, ही मोटार कुठं. याची भोकं त्याला जुळणार नाहीत, खालचं तेलाचं चेंबर पुढच्या आसाला आपटेल, गिअरबॉक्सचा दांडा इंजिनात नीट शिरणार नाही. ते एकेक अडचण सांगत गेले आणि दौलत एकेकीचं उत्तर देत गेला. उत्तरं त्यानं आधीच करून ठेवली होती, हे अप्पारावांच्या लक्षात आलं.

"बिठा के दिखा," ते शेवटी म्हणाले. "नौबत पहाड का चढाव चढी तो मिस्त्री तू. नहीं चढी तो ये बात फिर कभी नक्को निकालना."

म्हणजे न मागता मागणं झालं होतं.

दौलत कामाला लागला. जुना गिअरबॉक्स तसाच ठेवायचा आणि इंजिन नवं, तेव्हा दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट हवी. तिच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. त्यानं गिअरबॉक्सच्या तोंडाला काजळी फासली, त्यावर जाड कागद दाबून ठसा घेतला. इंजिनाचा तसाच दुसरा ठसा. कागद उलटा पडला तर सगळी भोकं उलटी पडतात, म्हणून ठशाच्या वरच्या टोकाला त्यानं तांबडी टिकली काढली. प्लेटीचा मध्य केसभरही चुकून चालणार नव्हता. चुकला तर क्लच प्लेट महिन्याभरात फाटणार. त्यासाठी त्यानं बेगमबाजारातल्या खराद्याकडे, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्याकडे, चार खेपा घातल्या. गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक बारीक आणि इंजिनातलं भोक मोठं, तर मध्ये पितळी बुश कातून घेतलं. पहिलं बुश सैल झालं, दुसरं घट्ट, तिसरं बोटानं दाबल्यावर हळूच आत गेलं. चेंबर कापून त्याची खोली कमी केली, पुन्हा वेल्डिंग केलं, त्यात पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी खालचा कागद कोरडा होता.

याच दिवसांत दसरा आला. दौलतचा भाऊ श्रीपती बायकापोरांना घेऊन नागपूरला निघाला. दीक्षा घ्यायला वस्तीतली निम्मी माणसं चालली होती. दौलतनंही जायचं ठरवलं होतं. पण बुश खराद्याकडे अडकलेलं, आणि केशवरावांचे दिवस मोजके उरलेले. मनकर्णा दीर-जावेबरोबर गेली. दौलत जामबागेच्या खोलीत एकटा राहिला, भात करपवून खात राहिला. चार दिवसांनी मनकर्णा परत आली ती पांढऱ्या लुगड्यात, उन्हानं काळवंडलेली आणि कधी नव्हे इतकी बोलणारी. किती माणूस लोटलं होतं, सगळ्यांनी एका आवाजात प्रतिज्ञा कशा म्हटल्या, ते ती सांगत राहिली. दौलतनं सगळं ऐकलं. न गेल्याचं त्याला फार लागलं, पण त्यानं ते दाखवलं नाही. नंतर हळूच सांगितलं, की बुश छान बसलं. मनकर्णा कपाळाला हात लावून हसली.

इंजिन बसलं. नवं इंजिन लांबीला जास्त, म्हणून गिअरबॉक्स चार बोटं मागं सरकला होता, आणि क्लचच्या पायट्याची, म्हणजे पेडलची, दांडी नव्यानं करावी लागली होती. दौलतनं दार उघडून पायटा तळहातानं जमिनीपर्यंत दाबला, दुसऱ्या हातानं गिअर टाकले. पहिला, दुसरा, तिसरा. लोण्यातून सुरी फिरावी तसे पडले. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. कारखान्यातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकलं.

केशवराव मोटार घेऊन निघाले. शेजारी अप्पाराव. दौलत दाराबाहेरच्या पावदानावर उभा, चौकट धरून. सपाट रस्त्यावर गिअर जरा कुरकुरले, पण गाडी छान पळाली. नौबत पहाडाच्या चढाला लागल्यावर केशवरावांनी गिअर बदलला आणि कर्रर्र असा आवाज झाला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कर्रर्र. तिसऱ्यांदा गाडी आचके देऊन बंद पडली आणि मागं सरकू लागली. दौलतनं उडी मारून चाकामागं दगड लावला.

अप्पाराव खाली उतरले. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचंच दौलतला जास्त वाईट वाटलं. "प्लेट का सेंटर गया," ते म्हणाले. "निकाल दे, दौलत. परसों तक साहब को जाना है."

केशवरावांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. आपल्यालाच नीट चालवता आलं नसेल, असं ते पुटपुटले. पण तो चांगुलपणा होता, हे तिघांनाही कळत होतं.

दोरी लावून गाडी परत आणली. सगळे जेवायला गेले तेव्हा दौलतनं दार उघडून तळहातानं पायटा दाबला. गिअर लोण्यासारखे पडले. वीस वेळा दाबला, वीस वेळा पडले. सेंटर गेलं असतं तर आपल्या हातालाही कळलं असतं. मग आपल्या हाताखाली नीट चालणारी वस्तू त्यांच्या पायाखाली का बिघडते, हे त्याला उमगेना.

संध्याकाळी त्यानं मनकर्णेला सगळं सांगितलं. तिला प्लेट आणि बुश यांतलं काही कळत नव्हतं. भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, की तिथं बसल्यावर तुम्हाला कसं लागलं?

दौलत चुलीतलं लाकूड आत सारू लागला. तिनं वर पाहिलं.

"तुम्ही बसलाच नाहीत?"

"दारातून बघतो मी. हातानं. नेहमी तसंच बघतो."

तिच्या लगेच ध्यानात आलं. अप्पारावांकडे येण्याआधी दौलत एका जहागीरदाराच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, मोटारींच्या कामाला होता. तिथल्या मोटारींच्या गादीला दौलतचं अंग लागलेलं चालत नसे. पुसायचं ते बाहेरून, दुरुस्त करायचं ते बाहेरून किंवा खालून. चालवून बघायला शोफर. अकरा वर्षं तो दारातून वाकून पायटे दाबत राहिला होता. देवडी गेली, जहागीरदार गेला, अप्पारावांनी कधी बस म्हटलं नाही की बसू नको म्हटलं नाही. दौलतला मात्र आपण बसत नाही, हेच कधी जाणवलं नव्हतं.

मनकर्णेनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी बावीस प्रतिज्ञा म्हणून आले," ती म्हणाली. "आणि माझा नवरा स्वतः जोडलेल्या मोटारीच्या बाहेर उभा. उद्या आधी आत जाऊन बसा. पाय धुऊन जा, म्हणजे कुणी काही म्हणायला नको." मग थोडं थांबून म्हणाली, "नाहीतर नकाच धुऊ."

सकाळी केशवराव गाडीचं काय करायचं ते विचारायला आले होते. अप्पाराव आतल्या बाजूला होते. दौलतनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि केशवरावांकडे पाहिलं.

"साहेब, मी जरा बसून बघू?"

केशवरावांना प्रश्नच कळला नाही. "अरे बस की. विचारतोस काय?" आणि मग, दौलत अजून उभाच आहे हे पाहून, त्यांना हळूहळू कळलं. त्यांचा चेहरा उतरला. पंधरा-वीस दिवस हा माणूस आपल्या मोटारीच्या पोटात शिरला होता, काल आपण मागची गादी रिकामी असताना याला पावदानावर उभा करून नेलं. ते पुढं झाले आणि त्यांनी दार पुरतं उघडून धरलं.

दौलत बसला. गादी खाली दबली. त्यानं डावा पाय उचलून पायट्यावर ठेवला आणि दाबायला गेला, तर गुडघा स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या कडेला थडकला. पाय अर्ध्यावरच अडला. नवी दांडी करताना पायटा तीन बोटं वर आला होता. बाहेरून हाताला ते कळणं शक्य नव्हतं. हाताला गुडघा कुठं असतो? क्लच पुरता सुटतच नव्हता, तर गिअर ओरडणार नाही तर काय करील.

दौलत आतल्या आत हसायला लागला. केशवरावांनी विचारलं काय झालं, तर त्याला सांगता येईना. त्यानं त्यांना बसवलं आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं. केशवरावांचा गुडघा तर आणखी वर. "अरे, काल लागत होता की हा," ते म्हणाले. "मला वाटलं, माझेच पाय लांब."

सेंटर केसभरही हललं नव्हतं. दौलतनं पायट्याचा दांडा तापवून खाली वाकवला, आणि कमी दाबातही क्लच सुटावा म्हणून क्लच ओढणारा आतला आकडा लांब केला. दर वेळी आत बसून पाहिलं. आधी गादीच्या कडेवर, मग पाठ टेकून. दुपार होईपर्यंत तो सात-आठ वेळा चढला-उतरला असेल.

तिसऱ्या प्रहरी गाडी पुन्हा नौबत पहाडाकडे निघाली. केशवरावांनी दौलतला शेजारी बसवलं. अप्पाराव मागं बसले. चढ लागला. केशवरावांनी क्लच दाबला, दुसरा गिअर पडला, इतका अलगद की त्यांनी खात्री करायला दांडीकडे पाहिलं. गाडी दम न खाता वर गेली. पहाडाखालच्या तळ्यावरचा वारा आत आला. केशवराव लहान मुलासारखे हॉर्न वाजवत राहिले. अप्पारावांनी त्यांना दोन वेळा पुरे म्हटलं.

परत आल्यावर अप्पारावांनी बॉनेट उघडून प्लेटीच्या कडेवरून बराच वेळ अंगठा फिरवला.

"कल से इंजन का काम तू देख," ते दौलतला म्हणाले. "मेरे कू पूछना नक्को. हौ?"

"हौ," दौलत म्हणाला.

केशवराव दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. त्यांनी दौलतचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकदा भेटीला औरंगाबादला येण्याचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दौलतनं तेलानं बरबटलेले हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी सोडले नाहीत.

घरी आल्यावर तो मनकर्णेला सांगायला बसला. गुडघा कसा थडकला, पायटा कुठं वाकवला, आकडा किती लांब केला, चढावर दुसरा गिअर कसा पडला. तिनं जेवायला वाढलं, तो बोलत होता; तिनं भांडी घासली, तो बोलत होता. खराद्याचं तिसरं बुशही पुन्हा एकदा सांगून झालं. अंथरूण घालताना तिनं शेवटी विचारलं, अप्पाराव काही म्हणाले की नाही?

"अगं हो," दौलत म्हणाला. "ते राहिलंच सांगायचं."