दोन पंखांची माशी

वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या आमच्या गावी मी मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. दुसरी लढाई अजून पेटली नव्हती. शाळा आमच्याच पडवीत भरे. पडवीची भिंत कुडाची. कारवीच्या काड्या उभ्या करून शेणमातीनं लिंपलेली.

त्या वर्षी कारवी फुलली. सात वर्षांनी एकदाच फुलते ती! सगळा डोंगर निळाजांभळा झाला, आणि मधमाश्यांची घूं-घूं थेट अंगणापर्यंत ऐकू यायची. आक्का, माझी थोरली बहीण, शाळेची पायरी कधी न चढलेली, रोज डोंगरावर जाऊन फुलांपाशी बसू लागली. एका सकाळी तिनं बाभळीची काडी चावून कुंचला केला. कपड्यांची नीळ, गेरू, हळद, चुना, काजळी वाट्यांत कालवली आणि भिंतीला भिडली.

"कुडात वाळलेली कारवीच हाय. तिला पुन्यांदा फुलं आणती बग!"

आणि आणली की! घोसच्या घोस, मधूनच पिवळी सोनकी, वर भिरभिरणाऱ्या माश्या. पोरं पाढे विसरली. मीही विसरलो होतो, पण मास्तर पडलो ना.

"आक्का, माशीला पंख दोन. तू चार-चार काढलेस."

"अरं मास्तरा, कवा हातावर घिऊन बगितलीस का?"

"सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"जग गेलं व्हतं व्हय डोंगरावर?"

ती पाण्याला गेली. मी ओल्या फडक्यानं कोपऱ्यातल्या माशीचे पंख पुसले आणि ठसठशीत दोन काढले. दुसऱ्या माशीकडे वळणार, तोच भोरहून तपासणीचे साहेब दारात! हजेरीपट राहिला बाजूला, ते भिंतीलाच नाक लावून उभे.

"चार पंख! मास्तर, मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं. कुणी काढलं हे?"

माझी छाती अशी फुगली की विचार करायलाच सवड झाली नाही.

"मी, साहेब."

"मग ही कोपऱ्यातली दोन पंखांची?"

"ती... बहिणीनं. तिला काय कळतंय."

साहेब खो-खो हसले. शेरेबुकात माझ्या निरीक्षणाचं कौतुक लिहून गेले. वळून बघतो तर आक्का घागर घेऊन दारात उभी.

तिनं घागर उतरवली, कोपऱ्यापाशी वाकली. "ही माजी व्हय?" एवढंच म्हणाली.

वाटलं, पुसेल. पुसली नाही. पुढं दर दिवाळीला भिंत सारवली की ती सगळं नव्यानं काढायची. साऱ्या माश्या चार पंखांच्या आणि कोपऱ्यात एक दोन पंखांची. कुणी विचारलं तर माझ्याकडं बघत हसून सांगायची, "ती व्हय? ती माजी."

मी एकदाही तोंड उघडलं नाही. आक्का गेली, भिंतही गेली.

शेरेबुकातला तो शेरा आज मी खोडतो. भिंत आक्काची होती. सगळी फुलं तिची, सगळ्या माश्या तिच्या. कोपऱ्यातली तेवढी माझी.