कट्यारीवरचं नाव

पितळेवर लिंबू घासल्याचा आंबट वास आला की परंड्याचं आमचं घर आठवतं. जुनी शस्त्रं जमवणारा पाहुणा आला होता. खंडेनवमीला पुजायची कट्यार त्यानं हातात घेतली. पणजोबांना ती निजामाच्या फौजेत बक्षीस मिळाली, असं घरात सांगत.

"धार न्हाय हिला. अफसरानं परेडला कमरेला लावायची ही." त्यानं मुठीवरचा हळदकुंकवाचा थर लिंबानं काढला. खाली उर्दूत नाव निघालं. "आबा, कुणाचं हो?"

"मला कुठं येतंय वाचाय!" आजोबा म्हणाले.

रोज उर्दू पेपर वाचणारा माणूस! पणजोबांचं असतं तर छाती फुगवून वाचलं असतं. कुणाच्या कमरेची ओरबाडलेली कट्यार आम्ही पुजत होतो? आज मी गावाच्या लपवाछपवीवर पत्रकं काढते. या नावावर अजून एक ओळ लिहिलेली नाही.