रिलीव्हर आल्याशिवाय

सीताराम घाडगे यांनी वागळे इस्टेटमधल्या स्प्रिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, आणि रिलीव्हर आल्याशिवाय एकदाही मशीन सोडलं नाही. पुढच्या पाळीचा माणूस शेजारी येऊन उभा राहीपर्यंत जागचं हलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यापायी ते विठ्ठलवाडीला मुलगी बघायलाही तीन तास उशिरा पोहोचले. पोहे गार, मुलीचे मामा गरम. नकार ठरल्यातच जमा होता. तेवढ्यात आतून मालन म्हणाली, "जो माणूस मशीन टाकून आला नाही, तो मला टाकून जायचा नाही." लग्न झालं. टाकून गेली ती मालनच, चार वर्षांपूर्वी, आजारपणात.

परवा कल्याणात भाजी घेऊन सीतारामराव रिक्षात बसले आणि घरचा पत्ता सांगायच्या जागी 'वागळे इस्टेट' म्हणाले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली. रिक्षावाला हसला, हे मात्र भाजीची पिशवी छातीशी धरून बसले. त्यांची आई बायजा शेवटी शेवटी पोटच्या पोराला 'पाव्हणं' म्हणायची. आपलंही तेच होणार. बाकी काय जायचं ते जावो, पण मालनचं ते वाक्य गेलं तर? डाळ निवडताना, दाढी करताना ते वाक्य घोकू लागले. एखादा शब्द मागेपुढे झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. डॉक्टरांचं नाव काढलं की मात्र विषय बदलायचे. तपासलं आणि खरंच काही निघालं म्हणजे?

शेवटी मुलीला विचारलं. आसावरी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आठवण डोक्यात राहते तरी कुठे? ती म्हणाली, मेंदूतल्या पेशी एकमेकींना भिडतात तिथले सांधे घट्ट होतात, आणि ते घट्ट ठेवायला प्रथिनं लागतात. पण ती प्रथिनं काही दिवसांत झिजून जातात.

"काही दिवसांत?" सीतारामरावांनी विचारलं. "मग तुझ्या आईचं बोलणं चाळीस वर्षं टिकलं कसं?"

नक्की कुणालाच ठाऊक नाही, ती म्हणाली. पण काही शास्त्रज्ञांना वाटतं, दोन रेणू एकमेकांना धरून असतात. एक झिजला तर नवा येईपर्यंत दुसरा त्याची जागा राखतो.

"म्हणजे रिलीव्हर." त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "आणि तो आलाच नाही तर?"

तेव्हापासून दर रविवारी आसावरी यायची आणि विठ्ठलवाडीची गोष्ट सांगायला लावायची.

या रविवारी ते गार पोह्यांपर्यंत आले, मामांपर्यंत आले आणि थांबले. पुढे कुणीतरी काहीतरी बोललं होतं. ओठ हलले, शब्द येईनात. मांडीवर मूठ आवळली गेली, मशीनचा दांडा धरावा तशी.

आसावरीने त्या मुठीवर हात ठेवला आणि वाक्य म्हटलं, शब्दन् शब्द.

ते तिच्याकडे बघत राहिले. "तू होतीस तिथं?"

"होते, बाबा. तुमच्या शेजारीच उभी होते."

"बरं झालं. मग आता मी सोडतो हां," सीतारामराव म्हणाले, आणि त्यांची मूठ सैल झाली.