साहेबाच्या कापसावरची कविता

चार माणसं एकाच विषयावर चित्रं-कविता करायला बसली, की कामापेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमचं अमरावतीत तसंच झालं. विषय होता इंग्रजांच्या काळातला वऱ्हाडचा कापूस. इथून गाठी विलायतेला जायच्या आणि कापड होऊन आपल्याच अंगावर यायच्या. चित्रं गजूभाऊंची, कविता अण्णांच्या आणि वसुधाताईंच्या. मी ऐकणारा आणि चहा सांगणारा.

तिवशाचे अण्णा निवृत्त शिक्षक. साहेबावरची आपली जळजळीत कविता वाचताना त्यांनी टेबलावर मूठ आपटली. वसुधाताई हळूच म्हणाल्या, "अण्णा, इंग्रजाले हाकलून राहिले, अन् टेबल तं त्याचाच शब्द."

अण्णांनी टेबलावरून हात फिरवला. "शब्द त्याचा असंन. सागवान मेळघाटातलं हाय."

गजूभाऊ तेल्हाऱ्याचे. घरची कपाशी, त्यामुळे राग अण्णांहून जास्त. इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानाचं काळंकुट्ट चित्र काढायला गेले आणि परतले ते एक इवलीशी कबर आणि तिच्यावरची कडुलिंबाची फुलं काढून.

"काहून भाऊ, राग कुठं गेला?" मी विचारलं.

"दगडावर पोरीचं वय वाचलं. वर्षाचीबी नव्हती. लेकरावर कायचा राग काढू?"

त्या चित्राखाली लावायला वसुधाताईंनी अंगाई लिहिली, तीही वऱ्हाडीत.

"तिले समजंन का?" गजूभाऊंनी विचारलं.

"समजंन नं. सांभाळणारी बाई आपल्या इकडचीच असंन."

मग अकोल्यात आमचं प्रदर्शन भरलं. तिथे इंग्लंडहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांचे आजोबा इथे कापसाची खरेदी करत. त्या पहिल्याच रांगेत बसल्या. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता कसं वाचू? पाहुणी हाय ते."

"नका वाचू मग."

"असं कसं? कविता खोटी नाई."

शेवटी त्यांनी वाचली, पण मान खाली घालून, पुटपुटत. मूठ उगारली नाही. मी बाईंच्या शेजारी बसून ओळीओळीचं इंग्रजी करून सांगत होतो. मीही आवाज खालीच ठेवला. कविता संपली. अण्णा खाली आले आणि मला म्हणाले, "त्याईले सांग, कविता आज्यासाठी होती. तुमच्यासाठी जेवण हाय."

मी सांगितलं. बाईंनी अण्णांचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "त्यांना पुन्हा वाचायला सांगा, जरा मोठ्यानं. आजोबांना कमी ऐकू यायचं."

अण्णांनी चष्मा पुसला आणि पुन्हा माइकपाशी गेले.